श्वासाची फांदी

झाड कापताना शेवटच्या क्षणी ते कुणीतरी धरावं लागतं. करवत खोडातून जवळजवळ पार गेलेली असते, बोटभर लाकूड उरलेलं असतं, आणि तेवढ्यात वरचा सगळा भार कलतो. धरलं नाही तर पडता पडता झाड बुंध्यापर्यंतची साल सोलून नेतं. त्या जखमेत पाणी मुरतं आणि बुंधा कुजतो. म्हणून कॉफीची छाटणी एकट्यानं होत नाही. करवतमावशी कापायची आणि तिचा नवरा धरायचा.

ती सगळ्यांचीच मावशी, तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. वर्षानुवर्षं करवत ओढून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहिला होता. कापण्याआधी ती प्रत्येक खोडावर दार वाजवल्यासारखी टकटक करायची. नवरा म्हणायचा, "आत कोण आहे विचारते. अजून कुणी ओ दिली नाही, म्हणून कापते." ती त्यावर हसायची नाही, पण त्याला गप्पही करायची नाही.

त्या वर्षी तिनं टेकडीवरची अख्खी कॉफी कापली. कॉफीला भाव होता तेव्हा गावच्या सोसायटीनं मोठं कर्ज काढून फळांची साल काढायचं नवं यंत्र आणलं होतं, वाळवणीसाठी फरशीचं खळं बांधलं होतं. मग भाव पडला. व्याज वाढत गेलं आणि एक दिवस गोदामाच्या दारावर लिलावाची नोटीस लागली. यंत्र गेलं असतं तर सगळ्यांना ओली फळं व्यापारी म्हणेल त्या दरात विकावी लागली असती. मावशीचा नवरा त्याच यंत्रावर कामाला होता, आणि त्यांचा मळाही सोसायटीकडे गहाण होता.

मग सरकारची योजना आली. निम्मं कर्ज माफ, उरलेलं सावकाश फेडायचं. अट एकच होती. झाडं म्हातारी झाली आहेत, नुसती पानं धरतात, तेव्हा सगळ्या सभासदांनी ती गुडघ्याइतकी छाटून नव्यानं वाढवायची. एकजण जरी मागे राहिला तरी संस्था योजनेबाहेर. छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं फळ देत नाही. तोवर सरकार थोडा भत्ता देणार होतं, मधल्या ओळींत शेंगा लावायच्या होत्या. लोकांनी डोळे पुसले आणि मावशीला बोलावलं.

उरला फक्त तिचा बाप.

गाव त्याला रोखठोक म्हणायचं. त्यानं उभ्या आयुष्यात कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली नव्हती. यंत्राच्या कर्जाला सगळ्या सभासदांनी हात वर केले तेव्हा त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आता गोदामात सभा भरली, आणि सोसायटीचा अध्यक्ष, म्हणजे त्याचाच पुतण्या, काका काका करत त्याची मनधरणी करू लागला. म्हातारा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "कर्ज तुम्ही काढलंत. यंत्राशेजारी उभं राहून फोटो तुम्ही काढलेत. आणि करवत माझ्या झाडांना?"

ते खरं होतं. पुतण्या कसाबसा म्हणाला, की काका, तुमचीही फळं त्याच यंत्रातून जातात. म्हाताऱ्यानं सांगितलं, की त्याची मजुरी तो जागच्या जागी देतो. मागून कुणीतरी म्हणालं, की हा मेल्यावर यमाकडूनही पावती घेईल. लोक हसले, आणि हसता हसता सगळ्यांची तोंडं मावशीकडे वळली. ती दाराशी बसून रॉकेलच्या फडक्यानं करवतीचे दाते पुसत होती. ती दाते पुसत राहिली.

घरी नवरा चिडला. एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं, आपला मळा जातोय हे तरी सांगायचं होतं. मावशी म्हणाली, "कॉफीवर सावली धरणाऱ्या झाडांच्या फांद्या उतरवायला मला त्यांनीच शिकवलं. करवत त्यांनीच हातात दिली. ती त्यांच्यावर चालवायला नाही दिली."

पाणवठ्यावर बायका टोमणे मारत होत्या. लोकांची झाडं कापताना हिचा हात थरथरला नाही, बापाची पाळी आली तशी माया दाटून आली. मावशी हंडा भरायची आणि निघायची. सरकारी तपासणीचा दिवस जवळ येत होता.

एका दुपारी ती ओढ्याकडून लाकडाचा भारा घेऊन येत होती, तेव्हा तिला आपल्या मळ्यात बाप दिसला. तिनं सगळ्यात आधी स्वतःची झाडं कापली होती. आता तिथे गुडघ्याएवढे बुंधे होते, आणि प्रत्येक बुंध्याला खाली एकच बारीक पानांची फांदी ठेवलेली होती. झाडाचं सगळं गेलं तर मुळांना जगायला काही उरत नाही. नवे कोंब येईपर्यंत बुंधा त्या एका फांदीवर तग धरतो. आमच्याकडे तिला श्वासाची फांदी म्हणतात.

बाप एका बुंध्यापाशी उकिडवा बसला होता. कापाच्या खाली, मावशीइतक्याच वयाच्या त्या करड्या, मेल्यासारख्या सालीतून, मोहरीएवढे हिरवे ठिपके बाहेर आले होते. तिथे कधी फांदी नव्हती. कुणी काही पेरलं नव्हतं. आयुष्यभर कॉफी पिकवलेला तो माणूस बोट जवळ नेत होता आणि न टेकवता मागे घेत होता. मग त्यानं डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं आणि तसाच उघड्या डोक्यानं उन्हात बसून राहिला. मावशी भारा डोक्यावर घेऊन झाडाआड उभी होती. मान भरून आली तरी तिनं तो उतरवला नाही. आवाज झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा लेकीच्या दारात आला. जावयानं चटई अंथरली, पण तो बसला नाही.

"करवतीला धार आहे?"

"आहे."

"मग चल. आणि यांना राहू दे घरी. झाडं मी धरतो."

मळ्यात गेल्यावर मावशीनं विचारलं, की सुरुवात कुठून करायची. तिला वाटलं, तो कडेचं एखादं वठलेलं झाड दाखवेल. त्यानं मळ्यातलं सगळ्यात चांगलं झाड दाखवलं. म्हणाला, "वाईटापासून सुरू केलं तर इथे येऊन हात थांबेल."

तिनं खोडावर टकटक केली. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, की सवय आहे. त्यानंही बोट दुमडून एकदा टकटक केली, आणि मग झाडाला मिठी घातली.

करवत शेवटच्या बोटभर लाकडापाशी आली आणि सगळं झाड त्याच्या अंगावर आलं. पानांत त्याचं तोंड दिसेना. इतर मळ्यांत माणसं झाड धरत, साल वाचली की बाजूला लोटून देत. म्हातारा ते घेऊन तसाच उभा राहिला, झोपलेलं मूल कुठे ठेवावं ते न सुचल्यासारखा. मग गुडघे वाकवून त्यानं ते आडवं केलं. प्रत्येक झाड त्यानं असंच खाली ठेवलं. मावशी दर वेळी थांबायची.

शेवटचं झाड आडवं झालं तेव्हा समोर एकाएकी मोकळं झालं. त्या मळ्यातून कधीच न दिसलेलं सोसायटीच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर खाली उन्हात चकाकत होतं. म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"एवढं जवळ होतं होय," तो म्हणाला.

अधिकारी आले, टेकडी चालून गेले, सह्या झाल्या. निम्मं कर्ज गेलं आणि गोदामाच्या दारावरची नोटीस खरवडून काढली. पुतण्याला काकांचा सत्कार करायचा होता. काका गेले नाहीत. माझं काय माफ झालं, असं त्यांनी विचारलं, आणि तेही खरंच होतं. सोसायटीच्या निम्म्या कर्जात त्यांचा छदामही नव्हता.

पुढे कोंब वाढले. एकेका बुंध्यावर इतकी दाटी झाली की त्यांतले दोनच ठेवून बाकीचे मोडायची वेळ आली. त्या दिवशी बापानं मावशीला निरोप धाडला. ती करवत घेऊन गेली तर तो त्या पहिल्या झाडापाशी बसला होता. वाटीभर साखर न मागितलेला माणूस तिच्याकडे न बघता म्हणाला, "कुठले ठेवायचे, ते सांग."

तिनं समोरासमोरचे दोन जोमदार कोंब दाखवले. बाकीचे त्यानं एकेक करून अंगठ्यानं मोडले. फळ दिसायला अजून दोन वर्षं होती, हे दोघांनाही माहीत होतं. त्याचं वय किती, हेही दोघांना माहीत होतं.

मग त्याचा हात खालच्या फांदीपाशी आला. तिची पानं पिवळी पडायला लागली होती.

"आणि ही?"

"आता काढायची, बाबा. तिचं काम झालं."

त्यानं एक पान तळव्यावर घेतलं. नव्या कोंबांची सावली त्याच्या मनगटावर हलत होती.

"आज राहू दे," तो म्हणाला.

मावशीनं करवत फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.