डब्यावरची ओळ

फटाक्यांचा वास आला की मी खिडकी लावून घेते. तरी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली ती दुपार आठवतेच.

पप्पा बंदुकीची काडतुसं घरीच भरायचे. काळी दारू ते एका जुन्या पितळी मापानं मोजत. त्या दिवशी धूर न करणाऱ्या नव्या दारूचा डबा आला होता. माप हातात घेऊन पप्पा म्हणाले, "बेबी, बघ गं, काय लिहिलंय यावर."

इंग्रजीत स्पष्ट छापलं होतं, ही दारू कितीतरी जास्त जोरकस आहे, काळ्या दारूच्या मापानं ती कधीही मोजू नये.

मी वाचणार तोच पप्पांचे शिकारीतले सोबती, वरवंडचे आप्पा, हसले. "आता मास्तरीणबाई शिकवनार व्हय आपल्याला बार भराया?" पप्पाही हसले. मी लाजून डब्यावरचं नुसतं नाव वाचलं. गप्प राहणं तेव्हा मला चांगल्या मुलीचं लक्षण वाटलं होतं.

पप्पांनी तेच पितळी माप वापरलं. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या हातात बंदूक फुटली आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली.

"बंदूकच जुनी व्हती," आप्पाच पप्पांची समजूत घालत राहिले.

अजूनही ते येतात. उरलेल्या दोन बोटांत चहाची बशी धरून विचारतात, "मास्तरीणबाई, काय वाचताय?"

"काही नाही, आप्पा," मी म्हणते, आणि पुस्तक मिटते.