मावशीचा निराधार पगार

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी बदली देगलूरहून तिथल्या विक्रीकर कचेरीत झाली. कर वसूल करणाऱ्या कारकुनाला नव्या गावात कोण जीव लावणार? अडतीतले व्यापारी मला बघून तोंड फिरवायचे, हॉटेलात माझ्या टेबलाशी कोणी बसायचं नाही. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेलेले. खोलीवर आलो की स्टोव्हवर खिचडी टाकायचो आणि घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून रेडिओ लावायचो.

त्यात दुष्काळ. टँकर आला की गल्लीत भांडणं जुंपायची. मी दिवसभर कचेरीत, तेव्हा समोरच्या पत्र्याच्या खोलीतली मावशी माझी घागर भरून ठेवायची. निलंग्याकडची, विधवा, वयानं वाकलेली. अख्ख्या गावात मला बोलायला तेवढं एकच माणूस होतं. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत होता, पण वर्षानुवर्षं ना पत्र, ना पैसा, ना तोंड दाखवणं.

आमच्या पगारातून रोजगार हमीसाठी कर कापला जायचा, आणि पगाराच्या दिवशी सगळी कचेरी बोंबलायची. आपण राबायचं आणि लोकांनी बसून खायचं, म्हणे! माझं डोकं फिरायचं. अरे, बसल्या बसल्या खडी फुटते का? एकदा उन्हात हातोडा धरून बघा की. मी असा भांडायचो, मग चहालाही कोणी बोलवेना. पण माझं मत आजही तेच आहे. कुरकुरत भरलेला का असेना, तो पैसा कोणी दिला हे घेणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून त्याला कोणापुढं मान खाली घालावी लागत नाही.

सरकारच्या निराधार पगाराचे अर्ज निघाले तेव्हा मीच मावशीच्या मागे लागलो. आडवी येत होती ती एकच अट, कमावता मुलगा असला तर पगार नाही. मी तलाठ्याला जाऊन भेटलो. ते म्हणाले, मुलगा सांभाळत नाही असं बाईंनी समितीपुढं स्वतः सांगितलं तर होऊन जाईल. मग मावशीला मी आठवडाभर पढवलं. मला बघणारं कोणी नाही, एवढंच म्हणायचं, जास्त बोलायचं नाही.

तहसीलला ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तेव्हाच मला शंका आली. बाकीच्या बायका विटकं, फाटकं नेसून बसल्या होत्या. समितीतल्या एका गृहस्थानं विचारलं, तुम्हाला कोण आहे? मावशीनं पदर सारखा केला आणि ठणकावून सांगितलं की ल्योक हाय, पुण्याला मोठ्या हुद्द्यावर हाय, दर दिवाळीला येतो, हे लुगडंबी त्यानंच धाडलंय. अर्ज तिथंच नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी तिला नाही नाही ते बोललो.

"सायेब," ती म्हणाली, "जित्या लेकराला चारचौघांत न्हाई कसं म्हणू?"

माझा राग खरं तर तिच्यावर नव्हताच. माणूस म्हातारं झालंय, हातपाय चालत नाहीत, एवढं सरकारला पुरे का होऊ नये? पोटच्या पोराला तोंडानं मारल्याशिवाय पगार नाही, हा कुठला न्याय? मी म्हणालो, दर महिन्याला मी देत जाईन. तिनं तेही उडवून लावलं. तुमचं घेतलं तर ल्योक बघत न्हाई असं गल्ली म्हणंल, म्हणाली. आणि पुढच्याच आठवड्यात ती रोजगार हमीच्या कामावर जायला लागली.

एका रविवारी मी स्वतः थापलेल्या वेड्यावाकड्या भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून तिच्या कामावर गेलो. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. मावशीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघत तिला विचारलं, कोण, ल्योक आला का? माझा जीव कानात गोळा झाला. खोटं का होईना, तिनं व्हय म्हणावं असं मला फार फार वाटलं.

"न्हाई बाई," मावशी म्हणाली. "ते आमचे कोणी न्हाईत. गल्लीतले सायेब हायेत."

मी फडकं तिच्यापुढं ठेवलं आणि खोलीवर परत आलो.