डोळे आखलेला पुतळा

१२ फेब्रुवारी २०१९, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. पनवेलहून रोह्याची गाडी सुटली. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून करायचा तातडीचा उपचार, शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ती घेण्यासाठी मी निघाले होते. जिते मागे पडले आणि उन्हात खाजणे (भरतीचे पाणी शिरणारी सखल जमीन) क्षितिजापर्यंत लखलखू लागली. मी फाईल मिटली.

हमरापूरला माझ्या परीक्षार्थी सुनंदाताई चढल्या. घरचा व्यवसाय गणपतीच्या मूर्तींचा, नोकरी रोह्याच्या एका कारखान्यात. तिथे कामगारांना सीपीआर शिकवणाऱ्या त्या एकट्याच. मांडीवर सरावाचा पुतळा, कमरेपर्यंतचा.

त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईने विचारले, "याचं तिकीट काढलंस का नाय गो?"

"अर्धाच हाय, अर्धं काढलंय," ताई म्हणाल्या.

पुतळ्याचा झिजलेला चेहरा त्यांनी आदल्या दिवशी रंगवला होता. डोळे इतके सजीव, की मीच नजर वळवली.

पेणला घेतलेले पोह्याचे पापड रोहा येईपर्यंत माझ्या फायलीखाली चुरले.

कारखान्यात परीक्षा सुरू झाली. छाती किमान पन्नास मिलिमीटर दबायला हवी. पुतळ्याला जोडलेले खोली मोजणारे यंत्र एकेचाळीसच्या वर जाईना. ताई नापास. प्रमाणपत्राची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि नियमाने एकच संधी उरली होती. माती मळून कसलेली ती मनगटे. ताकदीचा प्रश्न नव्हता. मी कारण विचारले. मूर्तीचे डोळे आखले की तिच्यावर कोणी जोर देत नाही, हात आपोआप हलका पडतो, असे त्यांनी सांगितले. चेहऱ्यावर फडके टाकू का, असेही विचारले. मी नकार दिला. खऱ्या रुग्णाचे डोळेही उघडे असू शकतात.

त्यांनी हात पुन्हा पुतळ्याच्या छातीवर ठेवले. मग त्याच्या डोळ्यांकडे सरळ पाहत स्वतःलाच म्हणाल्या, "डोळे हायत, पन जीव कुठं हाय? हा अजून साच्यातच हाय. दाब."

तळहात पडू लागला. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येत होती. साच्यात शाडू बसवणारा हात मी प्रथमच पाहत होते. गती, खोली, उसंत, सारे अचूक. मी नोंद करायची विसरून पाहतच राहिले. आकडे यंत्राने टिपले.

परतीच्या गाडीत परीक्षेचे पत्रक पूर्ण केले. आयुष्यभर जपलेला आदर दोन मिनिटे बाजूला ठेवण्यासाठी काय लागते, याला त्यात रकाना नव्हता. जो होता, तो भरला. सरासरी खोली: ५४ मिलिमीटर.