स्टिकरखालचं कॅलोमेल

सुनीताताईंनी क्रीमचा दुसरा डबा मागितला आणि बोलता बोलता चप्पल काढून पाय दाखवले.

"चेहरा तं लय उजळला, मॅडम. पाय मात्र सुजून राह्यले."

त्या इंझोरीच्या अंगणवाडीत मदतनीस. पाचवा महिना. मी मंगरूळपीरच्या एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. गरोदरपणात पाय सुजतात, हे मीही कितीजणींना सांगितलंय. पण सूज डोळ्यांखालीही होती. पहिला डबा मीच दिला होता. न वाचता.

आता वाचला. पुढे 'हर्बल', 'केमिकल-फ्री', 'सात दिवसांत गोरेपणा'. या शब्दांवरून डब्यात काय आहे ते कळत नाही. ते मागच्या घटकांच्या यादीवरून कळतं. जे जास्त, ते आधी लिहायचं, असा नियम. इथे यादीवर आयात करणाऱ्याचं स्टिकर होतं. मी नखाने खरवडलं. पाणी, पॅराफिन, आणि तिसरं नाव कॅलोमेल. झाकणावर ज्याचं चित्र होतं ते केशर सगळ्यात शेवटी.

कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. पाऱ्याने रंग उजळतो, हे खरं. पण तो कातडीतून आत जातो, किडनी बिघडवतो, पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

क्रीम बंद करा, डबा घेऊन आजच वाशीमच्या दवाखान्यात जा, असं मी त्यांना सांगितलं.

"काहून? बाळाले काई झालं का?"

"माहीत नाही, ताई. म्हणूनच आजच जा."

नवऱ्याला फोन करून त्या स्टँडवर गेल्या. मी दुकानाच्या मालकांकडे, काकांकडे वळले. काका म्हणाले, सप्लायर जुना आहे, उगाच बोभाटा नको, दुकानाचं नाव जाईल.

"काका, डबे खाली काढा. नाहीतर लायसन्सवरून माझं नाव काढा."

फार्मासिस्टच्या नावाशिवाय मेडिकल चालत नाही. काकांनी हातातलं बिलबुक मिटलं. मग स्वतः स्टुलावर चढले आणि डबे उतरवले. ड्रग इन्स्पेक्टरला फोन मी केला.

सुनीताताईंचा सोडून आणखी सहा डबे विकले गेले होते. क्रीमचं बिल कोणी मागत नाही, त्यामुळे चेहरे आठवत बसले. दोन दिवसांत पाच बायका सापडल्या. सहावी बसमधून उतरून आली होती, एवढंच आठवलं.

सुनीताताईंच्या लघवीत प्रोटीन निघालं. किडनीला इजा झाल्याची ती खूण. पाऱ्यासाठी नमुना नागपूरला गेला. आठ दिवस दुकानातला फोन वाजला की तो मीच धावत उचलायचे. रिपोर्ट आला. पारा होता, बराच. डॉक्टरांनी दर आठवड्याला तपासणी लावली. महिनाभर प्रोटीनचा आकडा तसाच राहिला. मग तो कमी होत गेला आणि सूज उतरली.

मुलगी झाली, वेळेवर. तिला वर्षभर नियमित दाखवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सुनीताताई न चुकता नेतात. माझ्याशी मात्र पूर्वीसारख्या मोकळं बोलत नाहीत. बरोबरच आहे.

सहावी बाई अजून सापडलेली नाही.

आता कुठलंही क्रीम फळीवर ठेवण्याआधी मी यादी वाचते. यादी नसेल किंवा झाकलेली असेल, तर माल परत. याला काही फार शिक्षण लागत नाही. चष्मा लावला की पुरतं.