यादीतलं नाव

लग्नाला सात वर्षं होत आली तरी आम्ही दोघं मिळून कुठे फिरायला म्हणून गेलो नव्हतो. मी लाखांदूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा साताऱ्याला सरकारी नोकरीत. सुट्टी मिळाली की तो रेल्वेने नागपूरला यायचा, तिथून एसटीने माझ्या लाखांदूरच्या खोलीवर. आठ दिवसांतले चार माझ्या आईकडे आणि त्याच्या बहिणींकडे जायचे, उरलेले झोपण्यात. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते, लिहिताना मात्र 'तो' असंच येतं.

त्या ऑगस्टमध्ये सलग चार दिवस सुट्टी आली. मी फोनवर आधीच सांगून टाकलं की या खेपेला कोणाच्याच घरी जायचं नाही. भंडाऱ्यात लॉजवर राहू आणि पाहुण्यांसारखा आपलाच जिल्हा बघू. तो हसला, पण हो म्हणाला. मी लगेच ठरवूनही टाकलं: पवनीचा जुना दरवाजा, रुयाडचा स्तूप आणि शेवटी गोसेखुर्दचं धरण. पाऊस चांगला झाला होता, धरणाची दारं उघडली असतील अशी आशा होती.

भंडाऱ्यातल्या माझ्या भावाची मोटरसायकल घेऊन आम्ही सकाळी लॉजवरून निघालो तेव्हा पाऊस लागूनच होता. रेनकोट एकच होता, तो त्याने मला घालायला लावला आणि स्वतः विंडचीटरवर भागवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या. उशिरा राहिलेली रोवणी चालू होती, बाया डोक्यावरून प्लास्टिक बांधून ओणव्या होत्या. अड्याळला पोहोचेपर्यंत तो पार भिजला होता. एका टपरीत शिरलो, तर्री घातलेले गरम आलूबोंडे खाल्ले. मी खूश होते. इतकी खूश की, एरवी फोनवर बोलायला धजत नसे ते सगळं तिथं बोलून टाकलं.

भंडाऱ्यात एक दोन खोल्यांचं घर मी बघून ठेवलं होतं. त्याची बदली झाली की मीही भंडाऱ्याजवळची शाळा मागून घेईन, सकाळी दोघं एकदमच घराबाहेर पडू, असं मी सांगत होते. दरवर्षी तो बदलीसाठी अर्ज करायचा आणि दरवर्षी यादीत नाव येत नसे. मध्ये एकदा मीच साताऱ्याला जायला निघाले होते, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायला बसले होते. त्याने अडवलं. तुझी सेवाज्येष्ठता जाईल, त्यापेक्षा मीच येतो, म्हणाला. मूलही एकत्र राहायला लागल्यावर, हेही त्याचंच म्हणणं. मी छत्तीस वर्षांची झाले होते. टपरीत बसून मी हेही म्हटलं की आता फार थांबता यायचं नाही. तो बशीतली तर्री चमच्याने ढवळत राहिला आणि म्हणाला, बघू, यंदा काहीतरी होईल.

पवनीच्या दरवाजापाशी आम्ही एकमेकांचे फोटो काढले. दगडावर शेवाळ चढलं होतं, मी घसरले तर त्याने दंड धरला. रुयाडला पाऊस इतका वाढला की तासभर स्तूपाच्या आतच बसून राहावं लागलं. कॉलेजात असताना मी आईबरोबर इथे आले होते. आईला बुद्धवंदना तोंडपाठ, मला मध्येच अडखळायला व्हायचं. त्या दिवशी मनातल्या मनात सगळी नीट म्हटली. बाजूला तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. याला आपल्यासोबत इथं बरं वाटतंय, असं मला वाटलं.

गोसेखुर्दला पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दारं खरंच उघडली होती. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. तुषार रस्त्यापर्यंत येत होते. भुट्टे भाजणाऱ्या एका बाईने ताडपत्री ताणली होती, तिच्याखाली दहा-बारा माणसं दाटीने उभी होती. आम्हीही शिरलो. तेवढ्यात एका माणसाने माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

तो त्याच्याच खात्यातला होता. नोकरीला लागताना दोघांचं प्रशिक्षण एकत्र झालं होतं. आता भंडाऱ्याच्या कार्यालयात होता, बायकोला घेऊन धरण बघायला आला होता. नवरा त्याला बघून थांबला तो थांबलाच. नंतर घाईने म्हणाला की आम्हाला निघायचंय, उशीर झालाय. पण त्या माणसाने माझ्याकडे वळून हात जोडले.

"वहिनी, तुमाले भेटायची लय दिवसांची इच्छा होती," तो म्हणाला. "तुमच्यामुळे मी घरी आलो."

मला काही कळेना. मी हसले. तो मोकळेपणाने सांगत राहिला. त्याच्या वडिलांना लकवा मारला होता, घरी बघणारं कोणी नव्हतं आणि तो तिकडे रायगडात अडकलेला. दोन वर्षांआधी भंडाऱ्याच्या यादीत माझ्या नवऱ्याचं नाव आलं, त्याच्या खाली याचं. माझ्या नवऱ्याने लेखी नकार दिला, म्हणून ती जागा याला मिळाली. बायकोला विचारलं, तीच म्हणाली की राहू द्या, मीच साताऱ्याला येते, असं नवऱ्याने त्याला सांगितलं होतं.

"पण तुम्ही अजून इथंच काहून?" त्याने विचारलं. "साताऱ्याले जाणार होत्या ना?"

त्याची बायको मायेने माझ्याकडे बघत होती. तिने आपल्या हातातला गरम भुट्टा मला दिला आणि स्वतःसाठी दुसरा सांगितला. मी नवऱ्याकडे बघितलं नाही.

"माझीच बदली अडकून आहे," मी म्हटलं. "होईल यंदा."

असं का बोलले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या भल्या माणसासमोर तमाशा नको, हे एक. आणि दुसरं, इतक्या वर्षांची सवय. त्याची बाजू सांभाळायची म्हणजे सांभाळायची. वडील कसे आहेत, हेही मी विचारलं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, असं त्याची बायको म्हणाली. मला खरंच बरं वाटलं.

ते दोघं गेले. आम्ही ताडपत्रीखालून बाहेर पडून मोटरसायकलपाशी आलो. त्याने किल्ली काढली, पण लावली नाही.

"नाव आलं होतं?" मी विचारलं.

"हो."

"मंग मले काय सांगितलं तुम्ही?"

माझ्याशी बोलताना तो नेहमी आपसूक मले-तुलेवर यायचा, आपल्या गावच्या बोलीवर. त्या वेळी मात्र साताऱ्याच्या कार्यालयात बोलत असेल तसं बोलला.

"मला तिथे एकट्याने राहायची सवय झाली होती. इथे आलो असतो तर रोज कोणी ना कोणी दारात. मला ते नको होतं."

"आन मी?"

"तू होतीसच की, सुट्टीत."

मला त्या वर्षीचा फोन आठवला. यंदाही नाही झालं, असं त्याने सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मुलं कवायतीला रांगेत उभी होती आणि मी त्यांच्याकडे पाठ करून त्याची समजूत घालत होते. मनाला लावून घेऊ नका, वेळेवर जेवा, पुढच्या वर्षी नक्की होईल, असं म्हणत होते. त्याने ते सगळं ऐकून घेतलं होतं, मध्ये एकदा हुंकारही दिला होता. नकार दिला हे एकवेळ मी गिळलं असतं. माझ्याकडून सांत्वन करून घेतलं, ते गिळता येईना.

परतीच्या वाटेवर मी मागे बसले ती कॅरियरची दांडी धरून. पवनीच्या बसस्थानकापाशी त्याला थांबायला सांगितलं. लाखांदूरची गाडी लागलेली होती. तो म्हणाला, अशा पावसात कुठे जातेस, लॉजवर जाऊ, नीट बोलू. मी म्हटलं, लॉजवरची माझी बॅग भावाकडे ठेवून द्या. रेनकोट काढून त्याच्या हातात दिला आणि बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तेव्हा तो रेनकोट हातावर टाकून तसाच भिजत उभा होता. मला दया आली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

सोमवारी शाळेत गेले. कोणाला काही सांगितलं नाही. आईने विचारलं, कसं झालं फिरणं, तर म्हटलं, पाऊस फार होता. त्या दिवाळीला तो आला नाही, मीच नको म्हटलं होतं. फोनवर तो माफी मागायचा. मी ऐकायची आणि ठेवायची. त्याने लांबलचक मेसेज पाठवले, त्यातले काही चांगले होते. चूक कबूल करणारे, स्वतःला दोष देणारे. वाचताना माझ्या मनात एकच यायचं की हेसुद्धा त्या वर्षीच्या फोनवरच्या जड आवाजासारखंच असेल का.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला आणि त्याची भंडाऱ्याला बदली झाली. आदेशाचा फोटो त्याने मला पाठवला. मी तो मोठा करून बघितला, शिक्का बघितला, सही बघितली. मग त्याच खात्यात एका मैत्रिणीचा दीर आहे, त्याच्याकडून खात्री करून घेतली. आदेश खरा होता. मैत्रिणीने हसत विचारलं, नवऱ्याच्या बदलीची चौकशी तू काहून करून राहिली?

आता तो भंडाऱ्यात खोली करून राहतो. मी जवळची शाळा मागितलेली नाही. शनिवारी येऊ का म्हणून तो फोन करतो, कधी मी हो म्हणते, कधी वह्या तपासायच्या आहेत म्हणते. येतो तेव्हा भाजी निवडून देतो, पाण्याची टाकी घासून ठेवतो. मुलाचा विषय आता तोच काढतो. मी ऐकून घेते. थोड्या वेळाने उठून कुकर लावते.