डाव्या पायाचं माप

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. संगणक सांभाळायचं काम तिच्या एकटीकडे. राग कायम नाकावर, पण उगाच कुणावर निघायचा नाही. मूर्खपणा दिसला की निघायचा, आणि मूर्खपणाला तिथे तोटा नव्हता.

मापांचा संगणक ती डोळ्यांत तेल घालून जपायची. त्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डाव्या पायाचं माप होतं. उजवा त्यांनी लहानपणीच गमावलेला. पुढे डावाही कापायचं ठरलं, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या मुद्दाम येऊन माप देऊन गेल्या. "नवा अगदी असाच करा हं," म्हणाल्या, "शिलाई मशीनचं पायडल याला ओळखतं."

त्या सकाळी तोफ दाढ काढायला गेली. तिचा धाकटा दीर तिथेच व्यवस्थापक. त्याने तेवढ्यात त्या संगणकात डिस्क जोडायचं नवं कार्ड बसवलं, वेग वाढावा म्हणून. वेग राहिला बाजूला, संगणक सुरूच होईना. पडद्यावर एकच रड, मूळ फाइल सिस्टीम सापडत नाही. त्याने फोन लावला.

तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल बधिर, तरी तोफ धडाडली. "भाऊजी, डिस्क ठणठणीत आहे! कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जागा होतो तेव्हा त्याला डिस्कची ओळखसुद्धा नसते. म्हणून आधी एक छोटं गाठोडं मेमरीत उतरवतात, तात्पुरतं घर म्हणा. डिस्कपर्यंत पोचायचा ड्रायव्हर त्यात असतो. मी ते जुन्या कार्डापुरतं बांधलं होतं, तुमच्या नव्याचा ड्रायव्हर त्यात कुठून येणार? मी आले की नवं बांधते. तोवर हात लावायचा नाही. किल्ली आत राहिली म्हणून कुणी कपाट जाळत नाही."

गाल धरून ती पोचली, तर संगणक झकास सुरू आणि दीर खुर्चीत रेलून बसलेला.

"बघा वहिनी! तुम्ही गाठोडी बांधत बसला असता. मी सरळ नवी सिस्टीम टाकली."

"कुठे टाकली?"

"डिस्कवरच. आधी स्वच्छ पुसून घेतली."

"आणि मापांची नक्कल ठेवलेली राखीव डिस्क?"

"ती पण त्याच कार्डावर होती ना. दोन्ही मिळून एक केली. आता जागाच जागा!"

तिने मापं शोधली. एकही नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात लावू नका म्हटलं होतं! कान कुठे ठेवून आला होतात? सगळं आत सुखरूप होतं हो, फक्त दार उघडायचं बाकी होतं. आणि तुम्ही घरच पाडलंत!"

"एवढं काय ओरडता?" दीर वैतागला. "मापंच ती. पुन्हा घेता येतील."

तोफेने त्याची बाही धरली आणि त्याला फरफटत दारापाशी नेलं. बाहेर चाकाच्या खुर्चीत शिवणकामवाल्या बाई बसल्या होत्या. मांडीवर डाव्या पायाचा एक जुना बूट, नव्या पायात घालून बघायला आणलेला.

"जा," तोफ म्हणाली. "घ्या माप."

बाईंना वाटलं, आपलीच पाळी आली. त्यांनी हसून बूट पुढे केला.