भुऱ्याचं राज्य

माझ्या झुंबरमामीचं लग्न ठरलं तेव्हा ती लपंडाव खेळत होती. तिचं माहेर देऊळगाव राजाच्या पलीकडं, मोगलाईत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि पलीकडं निजामाचा मुलूख लागायचा, त्याला आमच्याकडचे लोक मोगलाईच म्हणत. मामी कडब्याच्या गंजीमागं लपली होती. डावातल्या पोरींना ती काही सापडली नाही. सापडली ती तिच्या चुलतीला, आणि चुलतीच्या हातात हळदीची वाटी होती. "डाव माझाच होता," मामी हसत सांगायची, "पण राज्य कुणावर आलं ते कळायच्या आतच मला बाशिंग बांधलं."

आमचं आजोळ धाड गावापासून कोसभरावर. पुंजाजीमामाचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या पिकायच्या आणि धाडच्या बाजारात विकायच्या. मामी मोठी होऊन नांदायला आली ती सरळ या मळ्यात. तिची बोली मोगलाईकडची, ती "मला, तुला" म्हणायची. गावातल्या बाया "मले, तुले" म्हणत आणि तिची नक्कल करत. मामी रागवायची नाही, उलट त्यांचीच नक्कल त्यांना करून दाखवायची.

सासू, म्हणजे माझी आजी अन्नपूर्णाबाई, मोजकं बोलणारी. सुनेनं भराभर चालावं आणि हळू हसावं, असं तिचं मत. मामी चालायची भराभर, पण हसणं काही तिला आवरायचं नाही.

नागपंचमीला गावच्या लेकी माहेरी येत. माझी आई कोकिळा चिखलीहून यायची. मामीला न्यायला मात्र कुणी येत नसे. तिचे आईबाप गेले होते, भाऊ जालन्याला कापसाच्या जिनात कामाला लागला होता. पंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. मळ्यातही त्या दिवशी कुणी विळा हातात घेत नसे. मामी पुरणाची दिंडं उकडून ठेवायची आणि परसातल्या लिंबाखाली येऊन बसायची. लिंबाला झोका बांधलेला असे. लेकी झोके घेत, फुगड्या घालत. मामी गावची सून, सासूसमोर झोक्यावर कशी बसणार? ती लहान पोरींच्या वेण्या घालत बसायची.

एका उन्हाळ्यात तिला मळ्यात, विहिरीजवळच्या खोपीत, कुत्र्याचं पिल्लू सापडलं. मातकट रंगाचं, एक कान पडलेलं. तिनं त्याला भाकरीचा काला घातला आणि भुऱ्या नाव ठेवलं. भुऱ्या वाढला तो वांग्यांच्या वाफ्यांत.

एकदा मामा मोटेचे बैल सोडून आला तर बायको कुठं दिसेना. मग वांग्यांत उकिडवी बसलेली दिसली.

"काय हरपलं वं?" मामानं विचारलं.

"काही नाही. लपलेय."

तेवढ्यात भुऱ्या जमीन हुंगत आला आणि मामीच्या अंगावर पडला. मामीनं टाळ्या पिटल्या. मामा बैलांना चारा टाकत म्हणाला, "तुरीत लपत जा. वांग्यात डोकं दिसते तुहं."

पुढच्या पंचमीला भुऱ्या मामीमागं लिंबाखाली आला. आई झोक्यावर होती, तिच्या लुगड्याचा काठ वाऱ्यावर उडत होता. भुऱ्यानं तो धरायला उडी घेतली आणि परत येणारी झोक्याची फळी त्याच्या बरगडीत बसली. तो केकाटला. आईनं घाबरून झोक्यावरून उडी टाकली आणि दोन्ही गुडघे सोलून घेतले. भरीत भर म्हणजे पोरींनी लाडानं त्याला दिंडांवर दिंडं चारली होती, ती त्यानं संध्याकाळी ओट्यावर ओकून टाकली.

"बायांच्या खेळात कुत्र्याचं काय काम वो?" आजी म्हणाली.

म्हणून दुसऱ्या वर्षी मामीनं त्याला गोठ्यात बांधलं. बाहेर पोरींचा कल्ला सुरू झाला आणि आत भुऱ्याचं रडणं. दोर ओढून ओढून त्यानं मान सोलून घेतली. शेवटी दोर तुटला. भुऱ्या सुटला तो थेट फुगडीत शिरला. गरगरणारे पाय त्याला पकडायचेच होते. आई आणि तिची मैत्रीण मंजुळा एकमेकींवर आदळल्या, वर भुऱ्या. सणासुदीला आईच्या हातातल्या चार बांगड्या फुटल्या.

आजीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "पुढल्या साली हे इथं दिसलं तं मी स्वोता धाडच्या बाजारात सोडून येईन!"

रात्री मामी भुऱ्याच्या मानेला हळद-तेल लावत होती. ती मामाला म्हणाली, "त्याचं काय चुकलं? सगळे खेळतात अन् आपल्याला बांधून ठेवलं, एवढंच त्याला कळतं."

"मंग त्याले त्याचा डाव दे," मामा म्हणाला. "फुगडी काही त्याची नाई."

मामीला ते पटलं. तिनं दुसऱ्याच दिवसापासून मळ्यात शिकवणी सुरू केली. एक जुनं गोणपाट अंथरलं. भुऱ्या त्यावर बसला की भाकरीचा तुकडा, उठला की काही नाही. आधी ती स्वतः शांत उभी राहायची. मग चालू लागली, मग पळू लागली, मग पळता पळता ओरडू लागली. भुऱ्या थरथरायचा, पण गोणपाट सोडायचा नाही.

राहिला झोका. मामीनं बांधावरच्या आंब्याला झोक्याच्या दोराऐवजी मोटेचा जुना नाडा बांधला. पण झोक्यावर बसणार कोण? भुऱ्याजवळ तर तिलाच थांबायचं होतं.

"मी काऊन बसू?" मामा म्हणाला.

"मग काय बैलाला बसवू?"

मामा धिप्पाड गडी. इकडंतिकडं बघून, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री करून तो बसला. चार झोके झाले, त्याला गोडी लागली, त्यानं पायानं जोर दिला आणि नाडा तुटला. मामा मेथीच्या वाफ्यात आडवा. मामी पोट धरून हसत सुटली. भुऱ्या मात्र गोणपाटावर बसून होता. भाकरी कधी मिळते, एवढंच तो बघत होता.

"पास झाला बे तू," मामा मेथी झटकत म्हणाला.

पंचमी आली. मामी आजीपुढं उभी राहिली. "आत्याबाई, एक डाव द्या त्याला. बिघडला तर मीच त्याला घेऊन मळ्यात जाईन."

आजीनं नाही म्हटलं नाही, म्हणजे हो, असं मामीनं धरलं.

झोक्यापासून चांगलं लांब, सावलीत गोणपाट टाकलं. शेजारी पाण्याची परात ठेवली. झोके झाले, फुगड्या झाल्या, भुऱ्या जागचा हलला नाही. आईनं तर मुद्दाम त्याच्यासमोर पिंगा घातला. त्यानं फक्त शेपटी आपटली.

"आता त्याचा डाव," मामीनं सांगितलं. "लपंडाव. राज्य भुऱ्यावर."

पोरी हसू लागल्या. मामीनं मात्र सगळं नीट बजावलं. विहिरीकडं आणि काट्यांकडं कुणी लपायचं नाही. लहानींनी मोठीचा हात सोडायचा नाही. भुऱ्यानं शोधून काढलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, जागेवर उभं राहायचं. शेपटी ओढायची नाही आणि दिंड तर अजिबात द्यायचं नाही.

मग तिनं भुऱ्याच्या डोळ्यांवर पदर धरला. पोरी पांगल्या. पदर सुटला तसा भुऱ्या जमिनीला नाक लावून निघाला. आधी त्यानं कणगीमागं मंजुळाला गाठलं. मग दाराआड दोघी बहिणी. माझी आई मला कडेवर घेऊन ज्वारीच्या पोत्यांमागं बसली होती. मी हसले म्हणून आम्ही सापडलो, असं आई अजून म्हणते. प्रत्येक वेळी तो समोर बसून शेपटी हलवायचा, मामी त्याची पाठ थोपटायची.

सगळ्या सापडल्या. पण भुऱ्या थांबेना. तो पुन्हा परसात गेला, लिंबाला फेरी घातली आणि गोठ्यात शिरला.

"कोण राह्यलं वो?" मंजुळानं विचारलं.

सगळ्या मागोमाग गेल्या. गोठ्यात एक बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. भुऱ्या तिच्यासमोर बसला होता, शेपटीनं धूळ उडवत. आईनं बाज बाजूला केली. मागं डोईवर पदर ओढून अन्नपूर्णाबाई, माझी आजी, अंग चोरून उभी.



"मुडद्या, सांगतलं काऊन बे!" आजी भुऱ्यावर डाफरली. मग पोरींकडं वळून म्हणाली, "मी पाहून राह्यली होती. झुंबर त्याले खुणा करते का त्याले खरंच वास येते, हे पाहाले लपली होती."

"मग काय दिसलं, माय?" आईनं विचारलं.

"वास येते," आजी म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं. दात नसलेल्या तोंडानं ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "पुन्हा पदर धर वो त्याच्या डोळ्यावर. आता मी बरी जागा पाहातो."

तीन डाव झाले. भुऱ्याची जीभ लोंबू लागली तसा मामीनं खेळ थांबवला. तो परातीतलं पाणी लपालपा प्याला आणि गोणपाटावर पसरला. झोका रिकामा हलत होता. आजीनं झोक्याकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"बस वो झुंबर."

मामीला वाटलं, लिंबाखालच्या बाजेवर बस म्हणताहेत. ती बाजेकडं वळली.

"तिथं नाई. झोक्यावर. कोणी नाई पाहात."

सगळ्याच पाहत होत्या. आईनं फळी धरली, मंजुळानं मागून झोका दिला. मामी पहिल्यांदा दोर घट्ट आवळून बसली. मग झोका उंच गेला, तिचा पदर सुटला, आणि ती मोगलाईकडचं कुठलंसं पंचमीचं गाणं म्हणू लागली. त्याचे शब्द आमच्याकडं कुणालाच येत नव्हते. तरी पोरींनी ठेका धरला.

पुढं दर पंचमीला एक डाव भुऱ्याचा असे. भुऱ्याचं एक पिल्लू आईनं चिखलीला नेलं. माझ्या बापानं आधी कुरकुर केली आणि मग त्याला शिकवायला स्वतःच गोणपाट अंथरलं.

मला स्वतःला आठवणारा भुऱ्या म्हातारा आहे. तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय आखडलेले. मीही तेव्हा लपायच्या वयाची झाले होते आणि चांगली लांब गोठ्यापलीकडं पळत सुटले होते. आजीनं मला हाक मारून थांबवलं.

"जवळच लप वो पोरी. थकलं ते."

मग सगळ्याच बाया जवळ लपल्या. लेकी, सुना आणि आजी, अशा आम्ही सगळ्या एकाच बाजेमागं दाटीवाटीनं बसलो. कुणाचं डोकं बाहेर, कुणाचे पाय बाहेर. मामीनं भुऱ्याच्या डोळ्यांवरचा पदर काढला. भुऱ्या सावकाश उठला, हुंगल्यासारखं केलं, आणि चार पावलं चालून आमच्यासमोर येऊन बसला. एका दमात त्यानं सगळ्यांना पकडलं होतं. मामीनं त्याची पाठ थोपटली, परात त्याच्या तोंडाशी सरकवली. दिंडं निवत होती म्हणून आजी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि आम्हाला जेवायला बोलावू लागली.